कंपोस्टचं रिबेट घेऊन लॉनचं पाणी खरंच वाचतं का?

प्रश्न थोडक्यात असा: ऑस्टिनच्या उत्तर भागात चार वर्षांपूर्वी नवं घर घेतलं. पुढचं-मागचं मिळून 2,400 चौरस फूट सेंट ऑगस्टीन गवत आहे. जुलै-ऑगस्टचं पाण्याचं बिल बघून डोळे पांढरे होतात आणि तरीही गवत जागोजागी करपतं. शेजारी सांगतो की मातीत कंपोस्ट घातलं तर शहर पैसे परत देतं. पुण्याहून आलेले बाबा म्हणतात, कंपोस्ट कशाला, सरळ शेणखत टाका. तर रिबेट घ्यावं का, कंपोस्ट किती लागेल आणि पाणी किती वाचेल?

रिबेट जरूर घ्या. फक्त एक गोष्ट आधी सांगतो, कारण पत्रकात ती कुणी लिहीत नाही. मी राहुरीला मृदाशास्त्र शिकलो आणि गेली वीसेक वर्षं इथे टेक्सासमध्ये लोकांची स्प्रिंकलर आणि त्यांच्याखालची माती बघतोय. रिबेट घेऊन कंपोस्ट टाकलेल्या बऱ्याच घरांत पुढच्या उन्हाळ्यात गवत छान हिरवं झालेलं दिसतं आणि बिल मात्र होतं तिथेच असतं. गॅरेजमध्ये स्प्रिंकलरच्या वेळा ठरवणारा कंट्रोलर असतो, त्याचं झाकण उघडून बघितलं की कारण कळतं: पाण्याची मिनिटं जुनीच. माती सुधारली, पण ते कंट्रोलरला कुणी कळवलंच नाही.

आता माती. ऑस्टिन शहर बॅलकोन्स फॉल्ट नावाच्या भूस्तरभंगावर वसलेलं आहे. पश्चिमेला एडवर्ड्स पठाराचा चुनखडक, त्यावर कुठे चार बोटं तर कुठे वीतभर माती. पूर्वेला ब्लॅकलँड प्रेअरी, आणि तिथली ह्यूस्टन ब्लॅक ही माती बघितली तर तुम्हाला नगर-सोलापूरकडची आठवण येईल. आठवण उगाच नाही. मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात दोन्ही एकाच गटात, व्हर्टिसॉलमध्ये बसतात. तीच स्मेक्टाइट जातीची चिकणमाती. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ह्यूस्टन ब्लॅकला तर टेक्सासची प्रातिनिधिक माती मानतात. उत्तर ऑस्टिनमध्ये एका सबडिव्हिजनमध्ये काळी माती आणि रस्त्यापलीकडच्या सबडिव्हिजनमध्ये पांढरी चुनखड, असंही होतं. म्हणून तुमची कोणती ते खणूनच बघायचं.

पण चार वर्षांच्या घरात खणल्यावर बहुधा या दोन्हींपैकी काहीच शुद्ध रूपात सापडणार नाही. बिल्डर आधी वरची माती खरवडून काढतो. मग सहा-आठ महिने त्यावरून ट्रक, फोर्कलिफ्ट, काँक्रीटच्या गाड्या फिरतात. शेवटी पाया खोदताना निघालेला चुनखडीचा चुरा पसरतात आणि त्यावर गवताच्या तयार लाद्या सतरंजीसारख्या अंथरून चावी हातात देतात. लादीबरोबर आलेली इंच-दीड इंच माती सोडली तर खाली जवळजवळ रस्ता असतो. अशा घरात गवताचा कोपरा उचलला तर कार्पेटसारखा अख्खा उचलला जातो. मुळं खाली गेलेलीच नसतात.

पाणी वाचण्या-न वाचण्याचा सगळा हिशेब इथे आहे, म्हणून जरा आकडे करू.

तुम्ही ऐकलं असेल की सेंद्रिय पदार्थ एक टक्का वाढला की माती एकरी वीस हजार गॅलन पाणी जास्त धरते. हे वाक्य बागकामाच्या प्रत्येक मेळाव्यात फिरतं. वीस हजार गॅलन एकरावर पसरले तर जवळपास 19 मिलिमीटर होतात. 2018 मध्ये मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी जगभरच्या मोजमापांची एकत्र छाननी केली, तेव्हा चित्र बरंच वेगळं निघालं. सेंद्रिय कर्ब एका टक्क्यानं वाढला तर 100 मिलिमीटर जाडीच्या मातीत झाडाला मिळू शकणारं पाणी सरासरी 1.16 मिलिमीटर वाढतं. रेताड मातीत याहून जास्त, चिकणमातीत याहून कमी. तुमच्या वरच्या सहा इंचांत धरलं तर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. ऑस्टिनच्या जुलैत सेंट ऑगस्टीन गवत दिवसाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास पाणी पितं. म्हणजे कर्ब एक टक्क्यानं वाढवायला काही वर्षं घालवायची आणि कमाई काय, तर अर्ध्या दिवसाची तहान.

आता मुळांकडे बघा. काळी माती आपल्या जाडीच्या साधारण 15 टक्के पाणी झाडाला देऊ शकते. मुळं तीन इंचांत असतील तर गवताच्या खात्यात अकरा-बारा मिलिमीटर शिल्लक, म्हणजे तीन दिवस. तीच मुळं सहा इंचांत गेली तर बावीस-तेवीस मिलिमीटर, म्हणजे सहा दिवसांच्या वर. ऑस्टिनमध्ये ऑटोमॅटिक स्प्रिंकलरला आठवड्यातून एकच दिवस परवानगी असते. तीन दिवसांची शिदोरी घेऊन सात दिवस काढणारं गवत करपणारच, मग त्या एका दिवशी तुम्ही कितीही पाणी ओता. सहा दिवसांची शिदोरी असेल तर ते थोडं मलूल होईल आणि तगेल.

म्हणून कंपोस्टकडे पाणी धरणारा स्पंज म्हणून बघू नका. त्याचं चिकणमातीतलं खरं काम म्हणजे कण बांधणं, ढेकळं मोकळी करणं, गांडुळांना बोलावणं आणि मुळांना खाली जायला वाट करून देणं. दुसरं तितकंच मोठं काम म्हणजे पाणी मुरू देणं. साधा फवारा मारणारा स्प्रिंकलर तासाला दीड इंच वेगानं पाणी टाकतो. दाबून बसलेली चिकणमाती तासाला एक-दोन दशांश इंच पिते म्हटलं तरी खूप. बाकीचं पदपथावरून गटारात. सकाळी फिरायला जाताना कुणाकुणाच्या घरासमोर ओहोळ वाहताना दिसतात, तेच ते.

रिबेटचं स्वरूप समजून घ्या. शहराच्या ऑस्टिन वॉटर या पाणीपुरवठा खात्याची लँडस्केप सर्व्हायव्हल टूल्स नावाची योजना आहे. तीत तीन गोष्टींना पैसे मिळतात: कंपोस्ट, मल्च म्हणजे उघड्या मातीवर घालायचं लाकडी चुऱ्याचं आच्छादन, आणि कोअर एरेशन म्हणजे मातीच्या गोळ्या उपसून भोकं पाडणं. रक्कम मोठी नाही, घरामागे दोनशे डॉलरच्या आतली, आणि ती बदलत राहते. अर्ज भरण्याच्या दिवशी जो आकडा असेल तो खरा. पावत्या जपून ठेवा. पावतीवर माल आणि मोजमाप स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘बागेचं सामान’ असं लिहिलेल्या पावत्या परत येतात.

दुसरी योजना आहे वॉटरवाइज लँडस्केप. ती गवत काढून त्या जागी कमी पाण्याची, स्थानिक झाडं लावण्यासाठी आहे. दोन्हींत लोक गल्लत करतात आणि ती महागात पडते, कारण दुसरीत काम सुरू करण्याआधी मंजुरी लागते, गवत जागेवर असताना. एका दांपत्यानं शनिवार-रविवार मोडून, कंबर मोडून सगळं पुढचं गवत उपटलं आणि सोमवारी मला फोन केला की अर्ज कुठे करायचा. त्यांना काय सांगणार?

तुम्ही ‘उत्तर भाग’ म्हणालात, म्हणून आणखी एक विचारतो: पाण्याचं बिल कुणाच्या नावानं येतं? टपालाचा पत्ता ऑस्टिन असला तरी पाणी ऑस्टिन वॉटरचं असेलच असं नाही. सीडर पार्क, राउंड रॉकचे पाणीपुरवठे वेगळे, आणि मधल्या कितीतरी वस्त्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे ज्याला सगळे ‘मड’ म्हणतात त्यात येतात. आपली बरीचशी मराठी कुटुंबं नेमकी याच पट्ट्यात आहेत. बिल मडचं असेल तर आधी त्यांच्याकडे चौकशी करा.

बाबांना हे रिबेट प्रकरण परकं वाटत असेल तर त्यांना आठवण करून द्या, पुणे महापालिकाही गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल यांपैकी एक यंत्रणा बसवली तर मिळकतकरात पाच टक्के, आणि दोन असल्या तर दहा टक्के सूट देते. इथे मातीला दिलेला पैसा पाण्याच्या खात्यातून येतो, तिथे कचऱ्याच्या काळजीतून येतो, एवढाच फरक. आणि वाचकांत कुणी कॅलिफोर्नियातले असतील तर त्यांच्याकडे नवी बाग करताना हा ऐच्छिक मामला राहत नाही. राज्याचा 2015 चा सुधारित लँडस्केप नियमच सांगतो की हजार चौरस फुटांना चार यार्ड कंपोस्ट सहा इंच खोल मिसळा आणि वर तीन इंच मल्च घाला. मातीत सेंद्रिय पदार्थ आधीच सहा टक्क्यांवर असेल तरच सूट.

इथे यार्ड म्हणजे घनयार्ड, 27 घनफूट. दुकानातल्या एक घनफुटाच्या 27 पिशव्या. तुम्हाला चार यार्डांचं ते प्रमाण लागू नाही, कारण तुमचं गवत उभं आहे आणि ते नांगरून टाकायचं नाहीये. उभ्या गवतावर पाव इंचाचा थर पुरे. 2,400 चौरस फुटांना हिशेबानं पन्नास घनफूट, म्हणजे दोन यार्ड सांगा. अर्ध्या इंचाच्या वर कधीही जाऊ नका, गवत गुदमरतं. सुटं कंपोस्ट ट्रकनं मागवा. पिशव्यांमध्ये तेच दुपटी-तिपटीनं पडतं आणि पाठ जाते ती वेगळी.

कंपोस्टच्या आधी कोअर एरेशन करून घ्या. नुसते खिळे टोचणारं यंत्र नको, मातीच्या बोटभर गोळ्या उपसून बाहेर टाकणारं हवं. खिळे टोचले की भोकाच्या बाजूची माती आणखी दाबली जाते. यंत्र फिरवण्याआधी प्रत्येक स्प्रिंकलरपाशी झेंडी रोवा. नाहीतर रिबेट मिळेल तेवढं दुरुस्तीत जाईल. बाहेर पडलेल्या गोळ्या उचलू नका, वाळल्या की दाताळ्यानं फोडा, त्यांच्यावरच कंपोस्ट पसरा आणि उलट्या दाताळ्यानं भोकांत ढकला.

वेळ कधीची? एप्रिल-मे, किंवा सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबर. आणि माती वापशावर असताना. इंग्रजीत मला या शब्दाला जोड सापडलेली नाही. माझ्या इथल्या कामगारांना मी ‘वापसा’च म्हणायला शिकवलंय. मूठभर माती घेऊन लाडू वळायचा आणि अंगठ्यानं दाबायचा. भुगा होऊन फुटला तर वापसा आला. नुसताच चेपला, बोटाला चिकटला, तर अजून दोन दिवस थांबा. काळी माती ओली असताना तिच्यावर यंत्र फिरवलं तर जे सुधारायला निघालात तेच बिघडतं.

आता शेणखत. बाबांचं म्हणणं त्यांच्या गावच्या मातीत आणि त्यांच्या गावच्या गोठ्यात बरोबर आहे. इथल्या पिशवीतलं शेण मोठ्या फीडलॉटमधून, म्हणजे जनावरं एकत्र कोंडून पोसतात तिथून येतं. त्यात क्षार जास्त असतात, स्फुरद जास्त असतो, आणि जनावरांनी खाल्लेल्या गवतावर मारलेलं तणनाशक कधीकधी शेणातून आणि पुढे कंपोस्टमधूनही जिवंत बाहेर येतं. अमिनोपायरॅलिड जातीची ही औषधं महिनोन्‌महिने टिकतात. गवताला काही होत नाही. टोमॅटो, वाल, घेवडा यांची पानं मात्र आकडीसारखी वळतात. एका वर्षी एका पुरवठादाराकडून मी स्वतः चार यार्ड माल घेतला आणि माझ्या मागच्या वाफ्यातले टोमॅटो त्या हंगामात गेले. तेव्हापासून नवा ट्रक आला की दोन कुंड्यांत त्यातलं कंपोस्ट मातीत मिसळून घेवडा पेरतो, तिसऱ्या कुंडीत नुसती माती. तीन आठवड्यांत कळतं. लॉनवर टाकणार असाल तर एवढं पाहायची गरज नाही, पण भाजीच्या वाफ्यात टाकणार असाल तर नक्की करा.

कंपोस्ट घेताना नाक वापरा. पिकलेलं कंपोस्ट पहिल्या पावसाच्या मातीसारखं वास देतं. अमोनियाचा झोत आला किंवा ढिगात हात घातल्यावर चटका बसला तर ते अजून कच्चं आहे. यूएस कंपोस्टिंग कौन्सिलचं चाचणीचं प्रमाणपत्र असलेला माल असेल तर क्षारांचा आकडा मागून घ्या, विक्रेते देतात. ऑस्टिननं 1989 मध्ये सांडपाण्याचा प्रक्रिया केलेला गाळ आणि बागेचा पाला मिळून डिलो डर्ट नावाचं कंपोस्ट बनवायला सुरुवात केली होती. 2009 च्या ऑक्टोबरात झिल्कर पार्कच्या नव्या हिरवळीखाली ते घातलेलं असताना संगीत महोत्सव भरला, धो धो पाऊस पडला आणि हजारो लोक त्या चिखलात नाचले. चिखल कशाचा आहे हे कळल्यावरचे त्यांचे चेहरे या गावात अजून आठवतात. कंपोस्ट वाईट नव्हतं, पण नव्या हिरवळीवर भर पावसात माणसं सोडल्यावर दुसरं काय होणार?

काही गोष्टी विकत घेऊ नका. जिप्सम हे आपल्याकडच्या चोपण जमिनीचं औषध, जिथे सोडियम जास्त असतो. इथली माती कॅल्शियमनं आधीच भरलेली आहे, तिला जिप्समचा काही उपयोग नाही, दुकानदार काहीही म्हणो. चिकणमातीत वाळूही मिसळू नका; थोड्या वाळूनं माती मोकळी होत नाही, विटेसारखी होते. गवत पिवळं पडत असेल, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर ते पाण्यामुळे नाही. चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाही म्हणून होतं, उसावर केवडा पडतो तसं. त्यावर चिलेटेड लोह, आणि इथल्या सामूसाठी ईडीडीएचए प्रकारचंच. पण अंदाजानं काही टाकण्याआधी कॉलेज स्टेशनच्या टेक्सास ए अँड एम अ‍ॅग्रीलाइफच्या प्रयोगशाळेला मातीचा नमुना पाठवा. फी किरकोळ आहे. स्फुरद आधीच भरपूर निघाला तर दरवर्षी कंपोस्ट टाकत बसू नका. तो शेवटी ओढ्यात आणि बार्टन स्प्रिंग्स या इथल्या झऱ्यांकडे जाणाऱ्या पाण्यात उतरतो.

रिबेटच्या पैशांतला मोठा वाटा मी तुमच्या जागी मल्चवर खर्च केला असता, लॉनवर नाही. झाडांच्या आळ्यांत, कुंपणाकडेच्या पट्ट्यांत उघडी माती असेल तर तिच्यावर तीन इंच लाकडी चुऱ्याचा थर घाला. तीनशे चौरस फुटांना पावणेतीन यार्ड लागतात. उन्हाचा तडाखा थेट मातीवर बसायचा थांबतो, आणि याचा परिणाम त्याच आठवड्यात दिसतो, कंपोस्टसारखी दोन हंगाम वाट बघावी लागत नाही. खोडाभोवती मात्र ढीग करू नका, खोड कुजतं. लाइव्ह ओकच्या सावलीत फावडं चालवू नका, त्याची मुळं वरच असतात.

एक सावधगिरी खास काळ्या मातीची. तुमचं घर जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभं आहे. आपल्याकडे काळ्या मातीत बांधताना मुरूम भरतात, खोल जातात, ती चिंता इथेही तीच आहे. पाणी वाचवायच्या उत्साहात घराभोवतीची माती पार वाळू दिली तर ती आक्रसते, स्लॅबची कड खाली बसते आणि मग दारं चौकटीत अडकायला लागतात. पायाभोवती ओल सारखी ठेवा, कमी चालेल पण चढउतार नको. आणि भिंतीच्या तळाशी विटांत ओल बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात, मल्च त्यांच्यापर्यंत चढवू नका, वाळवीला शिडी लावून दिल्यासारखं होतं.

एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची भीती वाटत असेल तर टेक्सासच्या मालमत्ता कायद्याचं कलम 202.007 त्यांना दाखवा. कंपोस्ट करायला किंवा कमी पाण्याची बाग करायला सरसकट बंदी घालता येत नाही. आराखडा आधी मागू शकतात, तेवढा द्या.

आता कंट्रोलर. कंपोस्ट पडल्यावर पहिला महिना काही बदलू नका. मग एका वेळी पंधरा मिनिटं असतील तर त्याचे पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे करा, मध्ये अर्धा-पाऊण तास. सगळे परवानगीच्या वेळेतच बसवा. माती पिऊ लागली आहे हे दिसलं, पदपथ कोरडा राहू लागला, की आठवड्याचा इंच पाऊण इंचावर आणा. 2,400 चौरस फुटांना एक इंच पाणी म्हणजे दीड हजार गॅलन. पाऊण इंचावर आलात तर आठवड्याला पावणेचारशे गॅलन वाचले, वीस आठवड्यांच्या हंगामात साडेसात हजार. ऑस्टिनची पाणीपट्टी वापराबरोबर टप्प्याटप्प्यानं चढते, त्यामुळे वाचतात ते वरच्या, महागड्या टप्प्यातले गॅलन. दोन-तीन उन्हाळ्यांत हे रिबेटच्या रकमेपेक्षा जास्त होतात.

2011 सारखा उन्हाळा आला तर यातलं काहीच पुरणार नाही. त्या वर्षी ऑस्टिननं शंभर अंश फॅरनहाइट ओलांडलेले नव्वद दिवस बघितले. तेव्हा गवत झोपू द्यावं लागतं. तपकिरी झालं म्हणजे मेलं असं नाही.

या शनिवारी एक करून बघा. मोठ्या टिनच्या डब्याची दोन्ही झाकणं कापा, करपलेल्या जागी गवतावर ठेवा, वर लाकडी फळी ठेवून हातोडीनं दोन इंच आत ठोका. फळी न ठेवता ठोकलं तर डबा वाकतो. आत एक इंच पाणी ओता, मुरू द्या, परत एक इंच ओता आणि दुसऱ्या इंचाला किती वेळ लागला ते लिहा. तीच चाचणी हिरव्या जागी करा. दोन्ही आकडे सारखे आले तर करपण्याचं कारण माती नाही, एखादा वाकडा स्प्रिंकलर आहे, आणि मग कंपोस्टच्या आधी तो सरळ करा.